मुक्त फर्मवेअर आणि नवख्याचा उंबरठा

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे त्याचा पडदा येतो, कळफलक येतो आणि पडद्यावर चालणारे नाना उद्योग येतात. परंतु बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिले चित्र उमटेपर्यंत जे काही क्षण जातात, त्या क्षणांत आत काय घडत असते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडतो? दिवा लागला की वीज कुठून आली हे जसे आपण विचारत नाही, तसेच हे. तथापि या काही क्षणांचे काम ज्यांच्यामुळे चालते, त्यांची एक वेगळी दुनिया आहे. तिथे जगभरची माणसे, काही पगारावर तर काही केवळ हौसेने, एकत्र लिहीत असतात. आणि त्या दुनियेच्या दारात नवा माणूस हमखास अडखळतो. तो का अडखळतो आणि त्याचे अडखळणे कमी कसे करता येईल, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयात का शिरावे, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ती रास्तच आहे. पण हा प्रश्न जितका यंत्राचा आहे, त्याहून अधिक तो माणसांचा, भाषेचा आणि शिकण्या-शिकवण्याचा आहे, असे मला वाटते. आणि या तीन गोष्टींवर आपल्या शाखेचाही हक्क आहेच की!

फर्मवेअर म्हणजे काय?

आपल्या महाविद्यालयाचेच उदाहरण घेऊ. सकाळी पहिला तास सुरू होण्यापूर्वी शिपाईमामा येतात. फाटक उघडतात, वर्गांची कुलपे काढतात, दिवे-पंखे लागतात की नाही ते पाहतात, फळा पुसतात आणि मग घंटा देतात. घंटा झाली की प्राध्यापक वर्गावर येतात आणि शिपाईमामा दृष्टीआड होतात. व्याख्यान आपल्या लक्षात राहते. कुलूप कुणी काढले ते राहत नाही. संगणकातील हे शिपाईमामांचे काम फर्मवेअर करते.

बटण दाबताच संगणकाचा मुख्य प्रक्रियक जागा होतो, पण त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नसते. स्मृती कुठे आहे, पडदा कुठे आहे, कळफलक कुठे आहे, कशाचाही पत्ता नसतो. साधी काम करण्यापुरती स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो, तीदेखील तयार नसते. तिच्या वेगाचे आणि वेळेचे गणित जुळवून ती वापरायोग्य करावी लागते, आणि हेच या साऱ्यातले सर्वांत किचकट काम समजले जाते. मग एकेक उपकरण जागे करायचे, तबकडी शोधायची आणि तिच्यावरील लिनक्स किंवा विंडोज यांसारख्या मुख्य कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपवायचा. ही सारी सूचनावली एका छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेली असते. बहुधा ती आठ पायांची आणि करंगळीच्या नखापेक्षाही लहान असते. तिची क्षमता पुष्कळदा आठ किंवा सोळा मेगाबाईट असते. म्हणजे भ्रमणध्वनीवर काढलेली दोन-चार छायाचित्रे मावतील इतकीच.

‘फर्मवेअर’ हा शब्द १९६७ साली अ‍ॅशर ऑप्लर यांनी ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील आपल्या लेखात प्रथम वापरला. हार्डवेअर म्हणजे कठीण, हाताला लागणारे यंत्र. सॉफ्टवेअर म्हणजे सहज बदलता येणारी सूचनावली. आणि या दोहोंच्या मधले ते फर्म. शब्दाचा अर्थ पुढे विस्तारत गेला. आज घरातील राऊटर, छपाईयंत्र, धुलाईयंत्र, दूरदर्शन संचाचा सेट-टॉप बॉक्स, या सर्वांच्या पोटात कुठले ना कुठले फर्मवेअर आहे. संगणकातील अशा सूचनावलीला दुरुस्तीच्या दुकानात सरसकट ‘बायोस’ म्हणतात.

दिसणे आणि आपले असणे

आता ‘मुक्त’ या शब्दाकडे वळू. आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला प्रसिद्ध पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक माहितीच्या ग्रंथात बायोसची संपूर्ण सूचनावली छापलेली होती. कुणीही ती वाचावी! पण वाचता येणे निराळे आणि वापरता येणे निराळे. तिचे हक्क कंपनीचे होते. म्हणून कॉम्पॅक कंपनीला १९८२ साली तसाच चालणारा संगणक करायचा होता, तेव्हा बायोस नव्याने लिहावा लागला. आणि तोही अशा माणसांकडून, ज्यांनी आय.बी.एम.ची छापील सूचनावली कधी पाहिलेली नव्हती. ज्याने वाचले तो लिहिण्यास अपात्र ठरला. दिसणे आणि आपले असणे यांतले अंतर याहून स्पष्ट ते कोणते?

मुक्त फर्मवेअर म्हणजे ज्याची सूचनावली वाचता येते, बदलता येते आणि बदललेली दुसऱ्याला देताही येते असे फर्मवेअर. या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा १९९९ सालचा. अमेरिकेतील लॉस अलामॉस या राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस नावाचा प्रकल्प सुरू केला. तिथे कितीतरी संगणक एकत्र जोडून काम चाले, आणि प्रत्येकाचा बंदिस्त बायोस आपल्याच तालात वागे. २००८ साली या प्रकल्पाचे नाव कोअरबूट असे झाले. आज क्रोमबुक नावाचे जे संगणक शाळा-महाविद्यालयांतून दिसतात, त्यांचे फर्मवेअर याच कोअरबूटवर आधारलेले आहे.

दुसरे उदाहरण राऊटरचे. २००३ साली लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यू.आर.टी.-५४-जी या राऊटरमध्ये मुक्त परवान्याखालील लिनक्सची सूचनावली वापरलेली आहे, असे जाणकारांच्या लक्षात आले. परवान्याच्या अटीनुसार ती सूचनावली खुली करणे भाग होते, आणि ती खुली झाली. तिच्यातून २००४ साली ओपन-डब्ल्यू.आर.टी. हा प्रकल्प जन्माला आला. तो आज शेकडो प्रकारच्या राऊटरांवर चालतो.

हे सारे कशासाठी, असे कुणी म्हणेल. कारण साधे आहे. कारखानदार काही वर्षांनी जुन्या यंत्राच्या फर्मवेअरकडे लक्ष देणे थांबवतो. यंत्र धडधाकट असते, पण त्यातील दोष मात्र तसेच राहतात. डिसेंबर २०२३ मध्ये ‘लोगोफेल’ नावाने काही दोष उघडकीस आले. संगणक सुरू होताना कंपनीचे जे बोधचिन्ह पडद्यावर झळकते, ते चित्र वाचणाऱ्या सूचनावलीतच खोट होती, आणि तिचा फायदा घेऊन मुख्य कार्यप्रणाली सुरू होण्याआधीच परका माणूस आत शिरू शकत होता. शिपाईमामांच्याच हातून किल्ल्या गेल्या, तर वर्गाच्या कडीला काय अर्थ उरला? ज्यांना नवे यंत्र घेणे परवडते, ते नवे घेतील. ज्यांच्या घरी हातबदल होत आलेला आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, त्यांनी काय करावे? मुक्त फर्मवेअर हे त्यांच्या कामाचे आहे. परंतु असे काम करणारे हात जगात थोडे आहेत, आणि नवे हात दारातच अडतात.

चार पायऱ्या

माझा मामेभाऊ तालुक्याच्या गावी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून त्याच्या जुन्या संगणकावर कोअरबूट तयार करून चालवून पाहिले. त्या अनुभवावरून आणि नंतरच्या वाचनावरून मला दाराशी चार पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी भीतीची. साधी सूचनावली लिहिताना चूक झाली तर ती खोडून पुन्हा लिहिता येते. फर्मवेअर चुकले तर यंत्र उठतच नाही. इंग्रजीत अशा यंत्राला ‘वीट’ म्हणतात, आणि ते खरेच आहे; टेबलावर वीट ठेवली काय आणि तो संगणक ठेवला काय, सारखेच. शिवाय चूक कुठे झाली तेही कळत नाही, कारण चूक सांगणारा पडदाच अजून जागा झालेला नसतो. घरात एकच संगणक, तोही हप्त्याने घेतलेला. अशा मुलाने किंवा मुलीने त्यावर प्रयोग करण्याचे धाडस कसे करावे?

यावर उत्तम उपाय म्हणजे खोटा संगणक. फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच माणसाने २००३ साली क्यू.ई.एम.यू. नावाची सूचनावली प्रसिद्ध केली. ती संगणकाच्या आत दुसऱ्या संगणकाचे सोंग उभे करते. कोअरबूटच्या मार्गदर्शिकेतील पहिला पाठ याच सोंगावर बेतलेला आहे. आपण तयार केलेले फर्मवेअर या खोट्या संगणकात घालायचे आणि सुरू करायचे. बिघडले तर खिडकी बंद करायची. वीट होत नाही, पैसा जात नाही. आणखी एक सोय अशी की, खऱ्या यंत्रातून निरोप ऐकण्यासाठी जी वेगळी तार जोडावी लागते तिची इथे गरज नसते. फर्मवेअर काय काय करत आहे, त्याच्या ओळी शेजारच्या खिडकीत भराभर उमटत जातात. आम्ही पाहिले तेव्हा प्रथम त्या ओळी धावल्या, आणि मग संगणकाची माहिती दाखवणारा एक साधा पडदा समोर आला. दिसायला काहीच विशेष नाही. पण बटण दाबल्यानंतरचे पहिले काम आपण तयार केलेल्या सूचनावलीने केले, हा आनंद काही निराळाच होता!

अर्थात सोंग ते सोंगच. खऱ्या यंत्रात रॅम जुळवण्याचे जे किचकट काम आहे, ते इथे करावेच लागत नाही. म्हणून कधी ना कधी खऱ्या यंत्राकडे जावे लागते, आणि तिथे दुरुस्तीच्या दुकानातील विद्या उपयोगी पडते. चिपच्या आठ पायांवर बसणारा एक चिमटा मिळतो, आणि त्याला जोडायचा प्रोग्रॅमरही काहीशे रुपयांत मिळतो. संगणक मेला तरी या चिमट्याने चिप वाचता येते, पुसता येते आणि पुन्हा लिहिता येते. मामेभाऊ मला म्हणाला, “अगं, लिहायच्या आधी चिप वाचून ठेवायची. एकदा नाही, दोनदा. दोन्ही फायली तंतोतंत सारख्या आल्या, तरच पुढे जायचं.” दोन वाचने जुळली नाहीत, तर चिमटा नीट बसलेला नाही असे समजायचे. जगभरचे नवखे ज्या गोष्टीला सर्वांत जास्त घाबरतात, ती गोष्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत दुरुस्तीवाले रोज करतात. फरक एवढाच की ते कारखान्याची तयार फाईल चिपमध्ये टाकतात. त्या फाईलच्या आत काय आहे ते त्यांना उघडून पाहता येत नाही.

दुसरी पायरी अवजारांची. फर्मवेअरची सूचनावली यंत्राच्या भाषेत उतरवण्यासाठी ठरावीक आवृत्तीचे अवजार लागते, आणि कोअरबूट ते अवजारसुद्धा आधी आपल्याच संगणकावर घडवून घ्यायला सांगते. नांगरण्याआधी नांगर घडवा, अशातला हा प्रकार. जुन्या संगणकावर हे काम रात्रीची जेवणे झाल्यावर सुरू केले, तर झोपायची वेळ झाली तरी चालूच राहते. नवखा माणूस इथेच कंटाळतो. कारण काम चालू आहे की अडकले आहे, हे त्याला समजत नाही. यावरही उपाय निघाला आहे. सारी अवजारे आधीच घडवून एका बंद डब्यात भरून ठेवलेली मिळतात. डॉकर नावाच्या सोयीने तो डबा उघडायचा आणि कामाला लागायचे. मात्र हा डबा इंटरनेटवरून उतरवून घ्यायला बराच मोठा आहे. भ्रमणध्वनीच्या रोजच्या ठरावीक डेटावर ज्यांचे भागते, त्यांनी एकाने उतरवावा आणि पेनड्राईव्हवर घालून इतरांना द्यावा, हे बरे.

तिसरी पायरी बंद कागदांची, आणि ही सर्वांत उंच. प्रक्रियक तयार करणाऱ्या कंपन्या आपल्या यंत्राची पुष्कळशी माहिती गुप्ततेच्या करारावर सही केल्याखेरीज देत नाहीत. अशा करारात कंपनी कंपनीशी बोलते. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याला तिथे कोण विचारतो? इंटेलच्या अलीकडच्या प्रक्रियकांसाठी रॅम जुळवणारा भाग एफ.एस.पी. नावाच्या सीलबंद स्वरूपात येतो. तो आहे तसा घ्यायचा, आत पाहायचे नाही. म्हणजे फर्मवेअर मुक्त, पण त्याच्या मधोमध एक बंद खोली. नवख्यांना जुने लॅपटॉप घ्या असे जाणकार सांगतात त्याचे एक कारण हेच. २०१२ सालच्या थिंकपॅड एक्स-२३० या लॅपटॉपसाठी रॅम जुळवण्याचे काम हौशी जाणकारांनी यंत्राचे वागणे निरखून निरखून स्वतः लिहून काढले आहे. अर्थात त्यातही एक छोटा सहायक प्रक्रियक आपले बंद फर्मवेअर घेऊन बसलेलाच आहे.

या पायरीवर नवख्याने एकट्याने चढावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती कंपन्यांनीच खाली आणायला हवी. काही हालचाल दिसते. ए.एम.डी. कंपनीने २०२३ साली ओपनसिल या नावाने आपल्या प्रक्रियकांची सुरुवातीची सूचनावली खुली करण्याची योजना जाहीर केली. तिकडे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात २०१० साली सुरू झालेली रिस्क-फाईव्ह ही प्रक्रियकाची रचना कुणालाही वापरण्यास मोकळी आहे. मद्रासच्या आय.आय.टी.चा ‘शक्ती’ आणि सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेचा ‘वेगा’ हे प्रक्रियक याच रचनेवर बेतलेले आहेत. ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चौथी पायरी रीतिरिवाजांची. समजा, नवख्याने एक लहानशी दुरुस्ती केली. ती सरळ स्वीकारली जात नाही. ती गेरिट नावाच्या व्यवस्थेत मांडावी लागते, आणि जुने जाणते लोक ओळ न् ओळ तपासतात. दुरुस्तीची हकिगत कशी लिहावी, पहिली ओळ किती लांब असावी, शेवटी आपल्या नावाची ग्वाही कोणत्या शब्दांत द्यावी, या सर्वांचे संकेत आहेत. तपासणारा लिहितो, “हे का बदलले?” त्याच्या दृष्टीने हा साधा प्रश्न असतो. पण ज्याला आजवर ‘का’ हा प्रश्न फक्त रागावतानाच विचारला गेला आहे, त्याला तो नकार वाटतो, आणि तो पुन्हा फिरकत नाही. इथे मार्गदर्शकाची गरज आहे. गूगलने २००५ साली सुरू केलेल्या ‘समर ऑफ कोड’ या योजनेत नवख्याला एक जाणता मार्गदर्शक आणि मानधन मिळते. कोअरबूटनेही त्या योजनेत अनेक वर्षे भाग घेतला आहे. २०२२ पासून ती केवळ विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाही, नवख्या कुणालाही खुली आहे.

इव्रेयाचा धडा

उंबरठा कमी करता येतो याचा उत्तम दाखला इटलीत घडला. इव्रेया या गावी रचनाकलेची एक संस्था होती. तिथले विद्यार्थी अभियंते नव्हते. बरेचसे आपल्यासारखे कलेच्या बाजूचे. त्यांना आपल्या कलाकृतींत दिवे, आवाज आणि हालचाल आणायची होती, पण त्यासाठी लागणाऱ्या पाट्या महाग आणि त्यांची भाषा दुर्बोध. एर्नान्दो बार्रागान या विद्यार्थ्याने २००३ साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची सोपी व्यवस्था रचली, आणि तिच्या आधारावर २००५ साली तिथेच आर्दुइनोचा जन्म झाला. आज आपल्याकडच्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतूनही ही पाटी दिसते.

आर्दुइनोने काय केले? प्रक्रियक काही नवा शोधला नाही. एका खिडकीत लिहा, एक बटण दाबा, सूचनावली पाटीवर जाईल, इतके सोपे केले. सोबत तयार उदाहरणे दिली. त्यांतले एक अगदी पहिले म्हणजे दिवा उघडमीट करण्याचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाटीच्या स्मृतीत एक लहानसा कोपरा राखून ठेवला. नवी सूचनावली उतरवून घेणारा भाग या कोपऱ्यात सुरक्षित असतो. आपण बाकी काहीही चुकीचे लिहिले, तरी तो कोपरा शाबूत राहतो आणि पाटी पुन्हा लिहिता येते. क्रोमबुकच्या फर्मवेअरमध्येही हेच तत्त्व आहे: एक भाग न पुसता येण्याजोगा, आणि बदलत्या भागाच्या दोन प्रती, एक बिघडली तर दुसरीवर जायचे.

माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे सार इथेच आहे. उंबरठा कमी करणे म्हणजे विषय सोपा करणे नव्हे. रॅम जुळवणे अवघडच राहणार, आणि ते राहावे. उंबरठा कमी करणे म्हणजे दोन गोष्टी करणे: नवख्याची चूक त्याला परवडेल इतकी स्वस्त करणे, आणि जाणत्यांच्या तोंडीच राहिलेले ज्ञान कागदावर आणणे.

उंबरठा आणि परीक्षा

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. फर्मवेअर हे जोखमीचे काम. इथे कुणीही यावे असे म्हटले तर कच्चे काम आत शिरेल, आणि जाणत्यांचा वेळ नवख्यांना शिकवण्यातच जाईल. तेव्हा दार थोडे जड असलेलेच बरे; ज्याला खरी ओढ असेल तो ते ढकलून येईलच.

मला हा युक्तिवाद पटत नाही. मी आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच. बोनाफाईड म्हणजे काय, ए.टी.के.टी. म्हणजे पास की नापास, अंतर्गत गुण कशाचे असतात, ग्रंथालयात पुस्तक आपण काढायचे की चिठ्ठी द्यायची, या गोष्टी कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हत्या. ज्यांच्या घरचे ताई-दादा आधी शिकून गेले होते, त्यांच्या कानावर त्या जेवता-जेवता पडलेल्या. इतरांनी त्या विचारून विचारून गोळा करायच्या, आणि विचारताना आपण अडाणी ठरू ही धाकधूक सोबत घ्यायची. यात बुद्धीची परीक्षा कुठे होते? परीक्षा एवढीच होते की, आपल्या घरात आधी कुणी शिकले होते काय!

उंबरठा आणि परीक्षा यांतला फरक हा असा आहे. गेरिटवर ओळ न् ओळ तपासली जाते, ती परीक्षा. ती कडक असावी. पण काही स्वस्त प्रोग्रॅमरच्या पाट्या ३.३ व्होल्टच्या चिपच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतात, ही गोष्ट नवख्याला कुणी आधी सांगितली नाही, आणि त्याची चिप गेली, तर त्यात कुठली गुणवत्ता तपासली गेली? ज्याच्या ओळखीचा जाणता होता तो तरला, ज्याच्या नव्हता तो बुडाला. जड दार ओढ असलेल्यांनाच आत घेते असे नाही. ते ओळख असलेल्यांना आत घेते. आणि जाणत्यांच्या वेळेचे म्हणाल, तर एकदा नीट लिहून ठेवलेले पान पुढच्या शंभर जणांना तेच ते उत्तर देण्यातून त्यांना सोडवते.

इथे नवख्याचेही एक कर्तव्य आहे. जाणत्याला पायरी दिसेनाशी झालेली असते; वर्षानुवर्षे चढून त्याचे पाय सरावलेले असतात. कुठे ठेच लागते हे ज्याला कालच ठेच लागली त्यालाच अचूक सांगता येते, आणि तेही थोड्याच दिवसांत विसरते. म्हणून नवख्याने पहिल्या दिवसापासून वही घालावी. कोणता शब्द कळला नाही, कोणत्या सूचनेपाशी अडलो, कुणी काय सांगितल्यावर सुटलो, हे त्या त्या दिवशीच लिहून ठेवावे. मार्गदर्शिकेतील एखादे दुर्बोध वाक्य सुबोध करून पाठवणे हीसुद्धा प्रकल्पाला दिलेली दुरुस्तीच असते, आणि तीही तशाच तपासणीतून स्वीकारली जाते. त्यासाठी रॅमचे गणित यावे लागत नाही; नीट वाचता यावे लागते आणि नीट लिहिता यावे लागते. कला शाखेने इथे मागे राहण्याचे कारण काय?

आपल्याला काय करता येईल?

मोठ्या गोष्टी बाजूला ठेवून आपल्या आवाक्यातल्या तीन सुचवते. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात एका यंत्रावर क्यू.ई.एम.यू. आणि अवजारांचा तो डबा ठेवण्याची अनुमती मिळावी. म्हणजे ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनाही पहिला पाठ गिरवता येईल. दुसरे, शास्त्र शाखेच्या मित्रमैत्रिणींनी आणि आपण मिळून तालुक्यातील एखाद्या दुरुस्तीवाल्या दादांना बोलवावे आणि मेलेल्या पाटीवर चिमटा कसा लावतात, चिप कशी वाचतात, ते पाहावे. त्यांना आपल्याकडून त्या फाईलच्या आत काय असते ते समजेल, आणि आपल्याला त्यांच्या हाताची विद्या समजेल. आजवर या दोन विद्यांची गाठच पडलेली नाही.

तिसरे काम भाषेचे. मराठीत या विषयावर लिहिलेले फार थोडे आहे. पारिभाषिक शब्द घडवण्याचा अट्टहास न धरता, दुकानात आणि वर्गात जे शब्द चालतात त्यांतच, पहिल्या पाठाची एक सोपी पुस्तिका आपण तयार करावी. मामेभावाने तोंडी सांगितलेल्या सूचना मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. चिप दोनदा वाचावी, व्होल्ट आधी मोजावेत, बॅटरी काढून मगच चिमटा लावावा, अशी ती वही सध्या सतरा पानांची झाली आहे. तिच्यात भर घालण्याची ज्यांची इच्छा असेल, त्यांनी शनिवारी शेवटच्या तासानंतर संगणक कक्षात यावे. संगणकाचे ज्ञान असण्याची अट नाही.

— द्वितीय वर्ष, कला